दापोलीतलं ब्रेकवालं गॅरेज: जुनी गाडी असेल तर इथे दाखवाच

माझी गाडी २००४ ची मारुती ८००, हर्णैला घराबाहेरच उभी असते, म्हणजे बाराही महिने खारं वारं खाते. ब्रेक पुढे डिस्कचे, मागे ड्रमचे (म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा). पावसाळा संपला तसं ब्रेकचं पेडल पार खाली जायला लागलं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की मात्र वर यायचं, आणि जोरात ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढायची. आधी एका गॅरेजला दिली होती, त्यांनी मागचे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवतात ते) बदलले, डबीत ब्रेक ऑईल भरलं आणि झालं म्हणाले. पंधरा दिवसांत परत तेच, वर डबीतलं ऑईल पण हळूहळू कमी होत होतं. बाबांना दर महिन्याला खेडला दवाखान्यात न्यावं लागतं, दापोली-खेड रस्त्याची वळणं ज्यांनी चालवलीत त्यांना कळेल मला रात्री झोप का लागत नव्हती.

शेजारच्या काकांनी दापोलीच्या या मेस्त्रींकडे पाठवलं. छोटं गॅरेज, मेस्त्री आणि त्यांचा भाचा एवढेच. पाना हातात घेण्याआधी मेस्त्रींनी विचारलं, "पेडल पंप केल्यावर कडक होतं, का स्पंजासारखं मऊच राहतं?" कडक होत असेल तर शू आणि ड्रममधला गॅप वाढलाय, मऊच राहिलं तर लाईनमध्ये हवा आहे, असं त्यांनी समजावलं. मग स्वतः एक चक्कर मारून आले आणि मागच्या दोन्ही चाकांजवळ हात नेऊन बघितला. उजवं चांगलंच तापलेलं, डावं गार. म्हणजे डावं धरतच नाही आणि उजवं सुटत नाही.

ड्रम गंजून बसला होता. मला वाटलं आता हातोडा घेणार, पण ड्रमला आट्यांची दोन भोकं असतात त्यात बोल्ट घालून थोडा इकडचा थोडा तिकडचा असं आवळत गेले आणि ड्रम अलगद बाहेर आला. आतली धूळ हवा मारून उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसली, कारण जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते छातीत जातं. हे करणारा मेस्त्री मी तरी पहिल्यांदाच बघितला.

मग व्हील सिलिंडरच्या (ऑईलच्या दाबाने शू ड्रमवर ढकलतो तो) टोकाची रबरी टोपी स्क्रू ड्रायव्हरने जराशी उचलली तर आतून ऑईलचा थेंब ओघळला. सगळं दुखणं तिथे होतं. ऑईल शूवर उतरून पंधरा दिवसांपूर्वीचं नवं लायनर काळं, चिकट झालेलं. सिलिंडर आतून गंजाने खड्डे पडून खराब झाला होता, त्यामुळे नुसतं रबर किट टाकून टिकणार नाही म्हणाले, आणि ऑईल प्यायलेला शू धुऊन परत वापरायचा नाही. दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि शू एकदमच बदलले, नाहीतर गाडी परत एका अंगाला ओढणार. शू आणि ड्रममधला गॅप जुळवणारा अ‍ॅडजस्टर पण गंजून जाम होता म्हणून गॅप वाढत गेलेला, तो साफ करून चालू केला. उजवं चाक तापत होतं ते हँडब्रेकच्या केबलमुळे, ती आत गंजून अडकली होती, ती नवीन टाकली. ड्रम व्हर्नियरने मोजला, लिमिटच्या आत निघाला म्हणून तोच ठेवला.

शेवटी एअर, म्हणजे लाईनमधली हवा काढली, भाचा पेडलवर आणि मेस्त्री चाकाजवळच्या हवा सोडायच्या निप्पलजवळ. जुनं ऑईल कोऱ्या चहासारखं काळपट निघालं. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं, मग घाटात तापलं की लवकर उकळतं आणि पेडल मऊ पडतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलाच असं बजावून सांगितलं. आणि पावसाळ्यात गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात, सपाटीला गियरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

सामान आणि मजुरी धरून ३,४०० रुपये झाले. काढलेले पार्ट पिशवीत घालून दिले, न मागता. तक्रार म्हणाल तर एवढीच की सिलिंडर चिपळूणहून मागवावे लागले म्हणून गाडी एक रात्र तिथेच राहिली, आणि मेस्त्री कामात असले की फोन उचलत नाहीत, सकाळी लवकर जाऊनच गाठा. परवा बाबांना घेऊन खेडला जाऊन आलो, उतारावर पेडल पहिल्याच दाबाला वर होतं आणि घरी आल्यावर हात लावून बघितला, मागची दोन्ही चाकं सारखीच कोमट.