हॅस-ब्लेड कॅल्क्युलेटर: आकडा नको, टिक बघा

एट्रियल फिब्रिलेशनचे (हृदयाचे ठोके अनियमित पडतात आणि गुठळी होऊन स्ट्रोक येऊ शकतो तो आजार) पेशंट बघणाऱ्या बहुतेक डॉक्टरांच्या फोनमध्ये हॅस-ब्लेडचं, म्हणजे रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर मोठं ब्लीडिंग व्हायचा धोका मोजणाऱ्या स्कोअरचं, कॅल्क्युलेटर असतंच, मीही ओपीडीत रोज वापरतो. टूल चांगलंय, पाचपैकी चार स्टार. पाचवा मुद्दाम दिला नाहीये, कारण या आकड्यामुळे लोकांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या उगाच बंद झालेल्या बघितल्यात आणि ते बघून खरंच जीव तुटतो.

स्कोअर 2010 सालचा, युरोपातल्या जवळपास 4000 पेशंटच्या डेटावरून काढलेला. सिस्टोलिक (वरचं) बीपी 160 च्या वर, किडनी, लिव्हर, आधी झालेला स्ट्रोक, आधीचं ब्लीडिंग किंवा ॲनिमिया, वरखाली होणारा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी), वय 65 च्या वर, ऍस्पिरिनसारखी गोळी किंवा पेनकिलर, आणि दारू, प्रत्येकाला एक मार्क, एकूण 9. तीन झाले की हाय रिस्क.

सगळ्यात आवडतं ते म्हणजे एका मिनिटात होतं आणि लागणारी माहिती बहुतेक फाइलमध्येच असते. ब्लीडिंगचे दुसरेही स्कोअर आहेत: 2006 च्या हेमोरहेजेस स्कोअरमध्ये जेनेटिक फॅक्टरसुद्धा होता, एबीसी स्कोअरला जीडीएफ-15 सारखी रक्ततपासणी लागते, गर्दीच्या ओपीडीत ते कोण करणार? ऑर्बिट सुटसुटीत आहे, पाचच प्रश्न, पण त्यात बीपी नाही, म्हणजे जी गोष्ट आपण सुधारू शकतो नेमकी तीच गायब.

आता अडचण कुठेय ते सांगतो. समजा 78 वर्षांच्या आजी आहेत, रक्त पातळ करायची रिव्हरोक्साबॅन चालू, बीपी 170, गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक. वयाचा एक, बीपीचा एक, पेनकिलरचा एक, झाले तीन, स्क्रीनवर लाल पट्टी आणि हाय रिस्क. ती पट्टी बघून घरचे घाबरतात, कधीकधी डॉक्टरही घाबरतात आणि पहिली गदा येते ती रिव्हरोक्साबॅनवर. अहो पण त्याच आजींचा स्ट्रोकचा चॅड्स-व्हास्क स्कोअर काढा ना, वयाचे दोन, बीपीचा एक, बाई म्हणून एक, चार होतात, म्हणजे गोळीची गरज यांनाच जास्त! वय, बीपी, जुना स्ट्रोक हे दोन्ही स्कोअरमध्ये कॉमन आहेत, त्यामुळे ज्याला ब्लीडिंगचा धोका जास्त त्याला बऱ्याचदा स्ट्रोकचाही जास्त असतो. डायक्लोफिनॅक बंद केलं, बीपी नीट आणलं की याच आजी तीनवरून एकवर येतात, रिव्हरोक्साबॅनला हात न लावता. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या 2024 च्या गाइडलाइनमध्येही स्पष्ट लिहिलंय की ब्लीडिंग स्कोअरवरून गोळी सुरू किंवा बंद करायचं ठरवू नका, बदलता येणारी कारणं शोधा आणि सुधारा.

"मग त्यापेक्षा ऍस्पिरिन देऊ, सौम्य असते" हेही फार ऐकतो. 2011 च्या ॲव्हेरोज ट्रायलमध्ये अपिक्साबॅन (रिव्हरोक्साबॅनसारखीच रक्त पातळ करायची गोळी) आणि ऍस्पिरिन समोरासमोर होते, अपिक्साबॅनवर स्ट्रोक निम्म्याहून कमी झाले आणि मोठं ब्लीडिंग जवळपास सारखंच. म्हणजे धोका तेवढाच घ्यायचा आणि फायदा सोडून द्यायचा, कशासाठी?

भरताना होणाऱ्या चुका पण बघा. बीपीची गोळी चालू आहे म्हणून टिक करायचं नसतं, बीपी कंट्रोलमध्ये नसेल तरच. आयएनआरचा प्रश्न वॉरफरिन ही रक्त पातळ करायची जुनी गोळी घेणाऱ्यांसाठी आहे, रिव्हरोक्साबॅन, अपिक्साबॅनसारख्या नवीन गोळ्यांना लागू नाही, तरी मी वापरतो ते ॲप सगळ्यांना विचारतं. आणि पेनकिलरचं नुसतं "दुसरी औषधं काय?" विचारून कळत नाही, कारण दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी लोक औषधात धरतच नाहीत, "दुखलं की काय घेता?" असं विचारलं की मग पिशवीतून स्ट्रिप बाहेर येते. संडासला काळी होते का (आत ब्लीडिंग होत असल्याची खूण) हेही थेट विचारावं लागतं, स्वतःहून कोणी सांगत नाही.

किडनीवर मात्र याच्या भरवशावर राहू नका. डायलिसिस किंवा ट्रान्सप्लांट नसेल तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) साधारण 2.26 च्या वर गेल्याशिवाय मार्कच मिळत नाही. 48 किलोच्या 82 वर्षांच्या पेशंटचं क्रिएटिनिन 1.6 आहे, ॲप म्हणतं किडनीचा शून्य, पण क्लिअरन्स (वय, वजन धरून काढलेलं किडनीचं काम) काढलात तर बराच खाली निघतो आणि अपिक्साबॅनचा डोस अशा पेशंटमध्ये अर्धा करावा लागतो. वजन तर हा स्कोअर विचारतच नाही, आणि 66 ला एक मार्क तसा 90 लाही एकच. त्यामुळे क्लिअरन्स, हिमोग्लोबिन, वजन वेगळं बघायचंच, आणि दर फॉलोअपला स्कोअर परत काढायचा, कारण बीपी, किडनी, सोबतची औषधं सगळं बदलत असतं.

घरी बसून आईवडिलांचा स्कोअर काढत असाल तर काढा जरूर, पण तीन आला म्हणून स्वतःच गोळी थांबवू नका, कुठल्या प्रश्नांना टिक आलं ते लिहून डॉक्टरांकडे न्या.

ॲप बनवणाऱ्यांना एकच मागणं आहे, ती लाल पट्टी काढा आणि तिथे टिक केलेल्यांपैकी बदलता येण्यासारखं काय आहे ते दाखवा, म्हणजे बीपी, पेनकिलर, दारू, आयएनआर. पाचवा स्टार लगेच देतो.