तंबाखूवरचा कर वाढवावा की सवलती बंद कराव्यात?

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या गुमटीवर, म्हणजे टपरीवर, कॉलेजची पोरं पाकीट घेत नाहीत, एकेक सुट्टी सिगारेट घेतात. करवाढीचा कस इथेच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आपल्यासारख्या देशांत किंमत 10 टक्के वाढली की खप साधारण 5 टक्के घटतो. तरुण आणि गरीब आधी हात आखडतात. शिवाय तिजोरी भरते, म्हणून हा उपाय सरकारला गोड लागतो. गोम अशी, की 2017 ला जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर 28 टक्के आणि वर उपकर बसला, विडी मात्र उपकरातून सुटली. मग सिगारेट सोडून माणूस विडी ओढू लागला, तर फुप्फुसांना काय फरक पडणार?

दुसरा मार्ग न्यूयॉर्क शहराचा. तिथे कूपन, सवलती बंद झाल्या आणि पाकिटाची किमान किंमत आधी 10.50 डॉलर, 2018 पासून 13 डॉलर. करवाढ स्वतः सोसून भाव पाडण्याची कंपन्यांची युक्ती त्यामुळे अडते. पण वाढीव पैसा विक्रेत्याच्या आणि कंपनीच्याच गल्ल्यात जातो, हे मला खटकतं.

इंदूरमध्ये कूपन कोण देतो? इथली खरी सवलत म्हणजे सुट्टी विक्री. महाराष्ट्राने ती 2020 मध्ये बंद केली, कागदावर तरी. आपल्या मध्य प्रदेशात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. दुकानदार पानमसाला आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या हातावर ठेवतो, मिसळल्या की झाला गुटखा. बंदीला अशी पळवाट निघते, म्हणून मी आधी कर निवडेन, विडीसकट.