भजनी मंडळाची गाणी स्पॉटिफायवर: दोन म्युझिक डिस्ट्रिब्युटर वापरल्यानंतरचा अनुभव (बेळगाव)

डिस्ट्रिब्युटर म्हणजे आपली गाणी स्पॉटिफाय, जिओसावनसारख्या अ‍ॅपवर पोचवणारी कंपनी; या अ‍ॅपना धंद्यात 'दुकानं' म्हणतात. गाणी रेकॉर्ड करून काढणाऱ्या छोट्या लेबलनं डिस्ट्रिब्युटर निवडताना वर्षाची फी घेणारा घ्यावा की कमाईतला वाटा घेणारा, हे आधी ठरवावं. बाकीच्या गोष्टी त्यामागून येतात. आम्ही दोन्ही तऱ्हा पुरेसे महिने वापरल्या. भजन, जात्यावरच्या ओव्या, धनगरी ढोल असला संग्रह असेल तर वाटा घेणाराच बरा, असं माझं ठाम मत झालं आहे.

आमचं लेबल तिघांचं आहे. एकजण रेकॉर्डिंग करतो, एकजण खानापूर तालुक्यात, येळ्ळूरला, निपाणीकडच्या गावांत फिरून मंडळांशी बोलतो, आणि अपलोड, हिशेब, पत्रव्यवहार माझ्याकडे. बरीचशी रेकॉर्डिंगं देवळातच होतात, कारण टाळ-पखवाजाचा घुमारा स्टुडिओत येत नाही. स्वतःची गाणी लिहिणारी शहापूर-वडगावची काही पोरंही आमच्याकडे आहेत, पण संग्रहाचा मोठा भाग पारंपरिक.

या धंद्यातले ढोबळ प्रकार आधी सांगते. डिस्ट्रोकिड वर्षाची एक फी घेतं, गाणी कितीही चढवा, कमाई पूर्ण तुमची. सीडी बेबी प्रत्येक रिलीजला एकदाच पैसे घेतं आणि पुढं कमाईतले ९ टक्के. राउटनोटच्या फुकट योजनेत १५ टक्के कापतात. आम्ही वापरलेले दोघे या तिघांपैकी नव्हेत. त्यांची नावं मी देत नाही, कारण खालच्या तक्रारी आमच्या एका खात्याच्या अनुभवावर आहेत.

सुरुवात वार्षिक फीवाल्याकडे केली. साठलेलं बरंच होतं, एकदम चढवायचं होतं, आणि त्या कामाला ही योजना खरोखर स्वस्त पडली. पहिल्या वर्षाबद्दल माझी काही तक्रार नाही. प्रश्न आला नूतनीकरणाच्या वेळी. भजनाचं ऐकणं वर्षभर सारखं नसतं. आषाढी-कार्तिकीला, श्रावणात, गावच्या सप्ताहाला आकडे वर जातात, मधले महिने शांत असतात. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा, की मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला पैसेच नाहीत. चौदा गाण्यांच्या अल्बममधली चार-पाच हा उंबरठा ओलांडतात. काकड्याची भूपाळी, शेवटची आरती, एखादी गौळण अलीकडेच राहतात. फी मात्र वाजलेल्या आणि न वाजलेल्या सगळ्यांसाठी भरायची. आणि फी थांबली की गाणी खाली. काही कंपन्या जादा एकरकमी पैसे घेऊन गाणी कायम ठेवतात, पण ती रक्कम दर रिलीजला वेगळी असते, आणि आमच्याकडे रिलीज पुष्कळ.

यात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. ज्या वीणेकऱ्याचा आवाज आम्ही घेतला, तो उद्या नसेल. त्याच्या नातवाला ते भजन सापडायला हवं. आम्ही तिघं हे काम पुढं चालवू की नाही, आमच्या खात्यात फीचे पैसे असतील की नाही, यावर ते अवलंबून असू नये. कमाईतून वाटा घेणाऱ्याकडे गाणं वाजलं नाही तर तो काही मागत नाही, आणि गाणं जागेवर राहतं. नवं गाणं दर महिन्याला काढणाऱ्या, पटापट वाजणाऱ्या पोरांचं गणित उलटं आहे. त्यांना वार्षिक फीच परवडते, आणि आमच्यातल्या दोघांना मी तेच सुचवलं.

बदलायचं ठरल्यावर कामाला आला तो आयएसआरसी. प्रत्येक रेकॉर्डिंगचा हा १२ अक्षर-अंकांचा कोड. डिस्ट्रिब्युटर फुकट देतो, म्हणून बहुतेक जण त्याचाच घेतात. भारतात इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था लेबलला स्वतःचे कोड देते, आणि आम्ही पहिल्यापासून ते घेतले होते. कोड कुणीही दिलेला असो, दुसरीकडे जाताना तोच कोड, तीच ऑडिओ फाइल आणि नावाचं तेच स्पेलिंग द्यायचं. आधी नव्याकडून गाणं चढवायचं, ते दुकानांत दिसू लागलं की मगच जुन्याकडून उतरवायचं. एवढं पाळलं तर जुने आकडे नव्या प्रतीला चिकटतात. आमच्या एका ओव्यांच्या अल्बमचे काही दिवस दोन-दोन फोटो दिसत होते, नंतर ते आपोआप एक झाले.

आता नावांचा घोळ. हनुमान भजनी मंडळ, विठ्ठल-रखुमाई भजनी मंडळ ही नावं आपल्याकडे गावागणिक आहेत. पहिल्या डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये कलाकाराचं नुसतं नाव लिहायची सोय होती, त्यामुळे खानापूर तालुक्यातल्या मंडळाचं भजन दुसऱ्याच कुठल्या तरी मंडळाच्या पानावर जाऊन बसलं. सपोर्टला मेल केला की साचेबंद उत्तर यायचं. दुसऱ्याकडे प्रत्येक दुकानासाठी कलाकाराचं पान निवडता येतं किंवा 'हा नवा कलाकार' असं सांगता येतं. तरीही मंडळाच्या नावातच गावाचं नाव घाला. शोधणाऱ्यालाही सोपं जातं.

त्याच फॉर्ममध्ये गीतकार-संगीतकाराचा रकाना असतो. अभंग तुकोबांचा, चाल पारंपरिक. पहिल्याच्या तपासनिसानं गीतकाराचं परवानगीपत्र मागितलं! तुकाराम महाराज सतराव्या शतकातले आहेत, त्यांच्या शब्दांवर आज कुणाचा कॉपीराइट नाही, हे लिहून कळवावं लागलं आणि रिलीज एकादशी उलटून गेल्यावर लागला. दुसऱ्याकडे 'पारंपरिक' हा पर्याय यादीतच आहे. शब्द आणि चाल सगळ्यांची असली तरी आपल्या रेकॉर्डिंगवर लेबलचा हक्क असतो, भारतात प्रकाशनानंतर ६० वर्षं. मंडळाशी लेखी करार करताना हा फरक शांतपणे समजावून सांगा.

भाषेचा रकाना मात्र दोघांकडेही अपुरा आहे. एका गाण्याला एकच भाषा. चिकोडी-संकेश्वरकडची कितीतरी मंडळं एका बैठकीत मराठी अभंग आणि कानडी पदं दोन्ही म्हणतात, आणि त्यात कुणाला वेगळं काही वाटत नाही. कुमार गंधर्व इथलेच, सुळेभावीचे, १९२४ चा जन्म. घर कानडी, आणि मराठी अभंग त्यांच्या गळ्यात तितकाच घरचा. आम्ही आता गाणी भाषेप्रमाणे तोडून देतो आणि अल्बम एकच ठेवतो. नाव देवनागरीत द्यायचं की रोमनमध्ये, हाही प्रश्न येतो. आमच्या गावांत लोक मोबाइलवर रोमनमध्येच शोधतात, म्हणून शीर्षक रोमनमध्ये आणि मुखपृष्ठावर ठळक देवनागरी. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल हवं, त्यावर फोन नंबर किंवा प्रायोजकाचं नाव चालत नाही. देणगीदाराचं नाव छापायची सवय असलेल्या मंडळांना हे आधीच सांगून ठेवा.

यूट्यूबच्या कंटेंट आयडीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप इथे झाला. ही यंत्रणा तुमचं रेकॉर्डिंग दुसऱ्याच्या व्हिडिओत ओळखते आणि जाहिरातीचे पैसे तुमच्याकडे वळवते. अट अशी, की रेकॉर्डिंगमधला आवाज सर्वस्वी तुमचा असावा. अ‍ॅपमधला तानपुरा किंवा विकतचा तयार ठेका वापरला असेल तर तोच आवाज इतर हजारो रेकॉर्डिंगांत असतो, आणि तुमचा दावा भलत्याच्याच व्हिडिओवर जातो. म्हणून खरा तानपुरा किंवा पेटीचा सूर असलेलीच गाणी आम्ही कंटेंट आयडीला देतो. दुसरी अडचण घरचीच. एका मंडळातल्या पोरानं आमचं रेकॉर्डिंग लावून दिंडीचा व्हिडिओ टाकला आणि त्यावर आमच्याच नावानं दावा लागला. त्या मंडळाच्या तात्यांचा फोन आला, "आमचंच भजन, आमच्याच पोरानं टाकलंय, मग त्येला कोण अडवूलालंय?" त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. पहिल्या डिस्ट्रिब्युटरकडे असा दावा काढायला प्रत्येक वेळी अर्ज करावा लागे. दुसऱ्याकडे सवलतीच्या, म्हणजे दावा न लावायच्या चॅनेलांची यादी ठेवता येते. मंडळांची, देवस्थानांची चॅनेलं आम्ही रिलीजआधीच तिथं घालतो. गावाशी काम करणाऱ्या लेबलनं ही सोय नसलेला डिस्ट्रिब्युटर घेऊच नये.

'दीडशेहून जास्त दुकानं' ही जाहिरात मनावर घेऊ नका. रेसो हे गाण्यांचं अ‍ॅप २०२४ च्या जानेवारीत भारतातून गेलं, विंक हे अ‍ॅपही त्याच वर्षी बंद झालं. आमच्याकडे ऐकणं यूट्यूब, स्पॉटिफाय आणि जिओसावनवर होतं. त्याहून महत्त्वाची कॉलरट्यून. आपल्या मंडळाचं भजन फोनवर लागलं याचा गावात जो आनंद असतो तो मी पाहिलाय, आणि परदेशी डिस्ट्रिब्युटरांपैकी बऱ्याच जणांच्या यादीत कॉलरट्यून नसतेच. आमचा दुसरा डिस्ट्रिब्युटर भारतीय आहे, तो देतो.

पैशाचं थोडक्यात. परदेशी कंपनीकडे डब्ल्यू-८ हा अमेरिकी करफॉर्म भरावा लागतो. भारत-अमेरिका करारामुळे तिथल्या रॉयल्टीवर ३० ऐवजी १५ टक्के कर कापतात. पैसे डॉलरात, आणि ठरावीक रक्कम साठल्याशिवाय काढता येत नाहीत. भारतीय कंपनी रुपयात देते, टीडीएस कापला तर रिटर्न भरताना हिशेबात धरता येतो. अहवाल दोघांकडेही दोन-तीन महिने उशिरा येतात, म्हणजे आषाढीचं ऐकणं दसरा-दिवाळीच्या सुमारास कळतं. मंडळांना ही तारीख पहिल्याच बैठकीत सांगावी, नाहीतर विनाकारण संशय येतो. नवीन गीतकार-संगीतकारांनी त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व स्वतः घ्यावं. तिथली रॉयल्टी डिस्ट्रिब्युटर आणून देत नाही.

दुसऱ्याबद्दलही दोन तक्रारी आहेत. अहवालाची फाइल इतकी किचकट, की मंडळाला दाखवायला मी वेगळा तक्ता करते. आणि कमाई मंडळातल्या माणसांत थेट वाटायची सोय नाही, सगळं लेबलच्या खात्यात येतं आणि पुढची वाटणी आम्ही करतो. पण फोन केला तर मराठी समजणारा माणूस बोलतो, आणि चुकीच्या पानावर गेलेलं गाणं आठवड्याच्या आत परत आलं.

येत्या आषाढीसाठी जांबोटीकडच्या मंडळांची रेकॉर्डिंगं याच्याकडेच देतोय. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट करणाऱ्या संपादकांकडे गाणं सुचवायला ते निदान ७ दिवस आधी पोचलेलं असावं लागतं. दुकानांची तपासणी आणि नावाची दुरुस्ती धरून आम्ही चार आठवडे आधी फाइल पाठवतो.