हिऱ्याच्या अंगठीला बंद कोंदण: वर्षभराच्या वापरानंतर

साखरपुड्याला आता वर्ष होत आलं. अंगठी रोज बोटात असते, कामाच्या वेळीसुद्धा. खरेदीच्या दिवशी हिऱ्याच्या कटवर, रंगावर भरपूर चर्चा होते आणि तो सोन्यात बसवायचा कसा, हे मात्र घाईत उरकतं. वापरायला लागलं की खरा फरक तिथेच कळतो.

माझं काम शिवणाचं. ब्लाउज, फॉल-पिको, पैठणीला अस्तर. डाव्या हाताखालून दिवसभर रेशीम आणि शिफॉन सरकत असतं. दुकानात दाखवलेल्या बहुतेक अंगठ्या प्राँगच्या, म्हणजे हिरा धरून ठेवणाऱ्या बारीक धातूच्या नख्यांच्या होत्या. टिफनीने १८८६ मध्ये सहा प्राँगवर हिरा पट्टीच्या वर उचलून धरणारी अंगठी आणली, आणि आजही सॉलिटेअर, म्हणजे एकाच हिऱ्याची अंगठी, म्हटलं की तेच रूप डोळ्यांसमोर येतं. दिसायला ती सुंदरच असते. पण माझ्या जावेच्या चार प्राँगच्या अंगठीत साडीचा धागा अडकताना मी पाहिलं होतं. एक प्राँग वाकली तर चारांतली उरलेली तीन हिरा किती दिवस धरतील याचा भरवसा नाही. म्हणून मी अर्ध्या कॅरटचा गोल हिरा पूर्ण बंद कोंदणात घेतला: चहूबाजूंनी सोन्याची पातळ कड, आणि बैठक शक्य तितकी खाली.

घरच्यांना भीती होती की हिरा मंद दिसेल. नाही दिसत. नीट कापलेल्या हिऱ्यात प्रकाश मुख्यतः वरून शिरतो आणि खालच्या पैलूंवरून उलटून वरच येतो, त्यामुळे कडेने झाकला तरी चमक राहते. पिवळ्या सोन्याची छटा मात्र हिऱ्यात थोडी उतरते. मला ती आवडते. अगदी पांढराशुभ्र हिरा महागात घेतला असेल, तर कड पांढऱ्या सोन्याची किंवा प्लॅटिनमची करून घ्या.

सोनं १८ कॅरटचंच घ्या. २२ कॅरट मऊ असतं, रोजच्या घासण्याने कड दबते. हॉलमार्कमध्ये ७५० (१८ कॅरटची खूण) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पाहून घ्या. हॉलमार्क फक्त सोन्याचा असतो, हिऱ्याचं प्रमाणपत्र वेगळं. आणि एक गोष्ट सराफ आपणहून सांगेलच असं नाही: प्रमाणपत्राचा नंबर लेझरने कोरलेला असेल तर तो हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे सगळ्यात रुंद भागाच्या कडेवर असतो, आणि बंद कोंदणात ती कमर झाकली जाते. हिरा बसवण्याआधीच भिंगाखाली नंबर जुळवून पाहा. मी तसंच केलं. एरवी ही कमर झाकलेली असणं चांगलंच, कारण हिरा कितीही कठीण असला तरी फटका बसला की टवका उडण्याची भीती तिथेच जास्त.

त्रास आहे तो साफसफाईचा. हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर चिकटतो. खाणीत ग्रीस लावलेल्या टेबलांवरून खडी पाण्याबरोबर वाहून जायची आणि हिरे ग्रीसला चिकटून मागे राहायचे, ते याच गुणामुळे. हाताला क्रीम लावलं, पोळ्यांची कणीक मळली की दोन दिवसांत तेज उतरतं. कोंदणाची खालची बाजू उघडी ठेवून घेतली आहे, म्हणून कोमट साबणपाणी आणि मऊ टूथब्रश पुरतो. खालून बंद असती तर आतला थर काढणं अवघड झालं असतं. सोन्याच्या कडेवर बारीक ओरखडे आले आहेत, पॉलिशने ते जातील.

पावे पट्टी, म्हणजे बारीक हिरे शेजारी-शेजारी जडवलेली पट्टी, मी मुद्दाम टाळली. मशीनवर काम करणाऱ्या हाताला ती झेपणार नाही, त्यातले लहान खडे आधी सुटतात.

बोटाचं माप मात्र नीट घ्या. नंतर पट्टी वाढवताना कोंदणावर ताण येतो, आणि ते पुन्हा घट्ट बसवायला चांगला कारागीरच लागतो. उकाड्यात बोटं फुगतात, थंडीत आकसतात, म्हणून माप सकाळी आणि संध्याकाळी असं दोनदा द्या. पट्टी रुंद असेल तर किंचित सैल ठेवा.