ट्रायम्फ स्पिटफायरच्या गेजसाठी इलेक्ट्रॉनिक व्होल्टेज स्टॅबिलायझर: एक परीक्षण

ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ४ या मोटारीत पेट्रोलची पातळी आणि इंजिनाचे तापमान दाखवणारे दोन्ही काटे एकाच छोट्या पत्र्याच्या डबीवर अवलंबून असतात. व्होल्टेज स्टॅबिलायझर या नावाची ही डबी डॅशबोर्डामागे दडलेली असल्यामुळे तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि काटे चुकीचे दाखवू लागले की दोष आधी गेजला, म्हणजे काटा असलेल्या मापकाला, व नंतर पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या टाकीतल्या फ्लोट युनिटला दिला जातो. माझ्या १९७३ सालच्या गाडीत मूळ स्मिथ्स बनावटीच्या स्टॅबिलायझरच्या जागी मी इलेक्ट्रॉनिक प्रकारचा नवा स्टॅबिलायझर बसवला आणि उन्हाळा व हिवाळा अशा दोन्ही ऋतूंत वापरून झाल्यावर त्याविषयी लिहीत आहे. वस्तू चांगली आहे. मात्र ती कोणता दोष दूर करते आणि कोणता करू शकत नाही, हे समजून घेतल्याशिवाय तिच्यावर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या गाडीतली गेज द्विधातू पट्टीच्या, म्हणजे दोन वेगळ्या धातू जोडून केलेल्या पट्टीच्या, तत्त्वावर चालतात. पट्टीभोवती गुंडाळलेल्या बारीक तारेतून प्रवाह गेला की पट्टी तापून वाकते आणि काटा हळूहळू सरकतो. त्यामुळे वळणावर टाकीतले पेट्रोल हिंदकळले तरी काटा शांत राहतो. परंतु याच रचनेमुळे गेजला मिळणारा विद्युतदाब बदलला की काट्याची जागाही बदलते. गाडीतला विद्युतदाब इंजिन बंद असताना १२ व्होल्टच्या आसपास, तर बॅटरी चार्ज करणारा ऑल्टरनेटर जोरात चालत असताना १४ व्होल्टच्या वर असतो, म्हणून गेजना सरासरी १० व्होल्ट देणारा स्टॅबिलायझर मध्ये बसवलेला असतो. जुन्या स्टॅबिलायझरमध्येही एक द्विधातू पट्टीच असते. ती तापली की संपर्क तुटतो, थंड झाली की पुन्हा जुळतो, आणि या सततच्या उघडझापीतून १० व्होल्टची सरासरी साधली जाते. चार-पाच दशकांच्या ठिणग्यांनी ते संपर्क काळे पडतात, चिकटतात किंवा जुळायचेच थांबतात.

तरीही काटे बिघडले की थेट नवा स्टॅबिलायझर मागवणे योग्य नाही. त्याआधीची तपासणी मल्टिमीटर (विद्युतदाब आणि रोध मोजणारे उपकरण) आणि थोडा संयम यांवर भागते, आणि या परीक्षणातला सर्वात उपयोगी भाग मी तोच मानतो. दोन्ही काटे मेलेले असतील आणि इंडिकेटर किंवा वायपरही चालत नसतील, तर हिरव्या वायरींना पुरवठा करणारा फ्यूज आणि त्याच्या दोन्ही टोकांचे क्लिप आधी पाहावेत, कारण गंजलेला क्लिप हा फुटलेल्या फ्यूजइतकाच नेहमीचा गुन्हेगार असतो. एकच काटा चुकत असेल, तर स्टॅबिलायझरवर संशय घेण्याचे कारण उरत नाही. दोष त्या गेजमध्ये, त्याच्या वायरीत किंवा सेन्सरमध्ये असतो. अशा वेळी इग्निशन चालू करून फ्लोट युनिटवरची काळ्या रेघेची हिरवी वायर काढून काही सेकंदच बॉडीला टेकवावी. काटा ‘भरलेली’ या खुणेकडे सरकू लागला, तर गेज आणि वायर दोन्ही ठीक आहेत आणि दोष टाकीकडे आहे. तापमानाच्या गेजसाठी निळ्या रेघेच्या हिरव्या वायरीने हीच कसोटी करता येते. ही वायर टेकवून ठेवून गप्पा मारत बसू नये. गेजमधली बारीक तार जास्त वेळ पूर्ण प्रवाह सोसण्यासाठी बनवलेली नाही.

टाकीकडे दोष निघाला, तर फ्लोट युनिटचा रोध मोजावा. टाकी रिकामी असताना तो साधारण २५० ओहमच्या आसपास आणि भरलेली असताना २० ते ३० ओहमच्या दरम्यान असतो. आकडे बरोबर येऊनही काटा कमी दाखवत असेल, तर टाकीचे अर्थिंग, म्हणजे बॉडीशी असलेली विद्युत जोडणी, पाहावे. गाडी नव्याने रंगवताना टाकीचे बोल्ट आणि त्यांखालची बॉडीही रंगवली जाते, आणि त्या देखण्या रंगाखाली अर्थिंग तुटते, हे मी इतरांच्या गाड्यांतही पाहिले आहे.

दोन्ही काटे एकाच वेळी, एकाच दिशेने चुकत असतील, तेव्हाच स्टॅबिलायझरकडे वळावे. दोन्ही शून्यावर असतील, हिरव्या वायरीत १२ व्होल्ट येत असतील आणि स्टॅबिलायझरमधून गेजकडे जाणाऱ्या पोपटी वायरीत काहीच येत नसेल, तर डबी गेली असे समजावे. मात्र दोन्ही काटे नेहमीपेक्षा वर राहत असतील, टाकी अर्धी असताना पाऊण आणि इंजिन ठीक असताना तापलेले दाखवत असतील, तर आधी डबीचे अर्थिंग तपासावे. जुन्या स्टॅबिलायझरमधली पट्टी तापवणारा प्रवाह डबीच्या पत्र्यातून बॉडीकडे जातो. तो मार्ग तुटला की पट्टी तापत नाही, संपर्क उघडत नाही आणि बॅटरीचा पूर्ण दाब गेजना मिळत राहतो. महत्त्वाची गोष्ट अशी की इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझरचे अर्थिंग तुटले तरी जवळजवळ हेच घडते. ज्याच्या गाडीत खरा दोष गंजलेल्या स्क्रूचा आहे, त्याने नवी डबी बसवली तरी काटे तसेच वर राहतील आणि तो वस्तूला नावे ठेवेल. अशी नावे ठेवणारी मते मी वाचली आहेत आणि त्यांतली बरीचशी अन्यायाची वाटतात.

माझ्या गाडीत अर्थिंग स्वच्छ केल्यावरही पोपटी वायरीतला दाब कधी शून्य तर कधी सलग १२ असा अनियमित होता, म्हणून बदल करणे क्रमप्राप्त होते. नवा स्टॅबिलायझर दिसायला जुन्यासारखाच आहे आणि मूळ वायरी न कापता त्यावर बसतात, ही जुनी गाडी जपणाऱ्यासाठी मोठी सोय आहे. आत दहा व्होल्टची रेग्युलेटर चिप आहे. गाडी चालू असताना तिच्यावर सुमारे चार व्होल्टचा फरक पडतो आणि दोन गेजचा प्रवाह इतका कमी असतो की निर्माण होणारी उष्णता एक वॅटच्या आत राहते. लांबच्या प्रवासानंतर डबीला हात लावला तर ती जेमतेम कोमट लागते. मोजलेला दाब १० व्होल्टवर स्थिर राहतो, हेडलाइट लावले किंवा इंजिनाची गती वाढवली तरी काटे हलत नाहीत, आणि संपर्कांच्या ठिणग्यांमुळे रेडिओत येणारी खरखरही थांबली. पेट्रोलची टाकी एकदा भरण्याच्या खर्चाहून बऱ्याच कमी किमतीत हे मिळते.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. जुना स्टॅबिलायझर थंड असताना सुरुवातीला पूर्ण दाब देत असल्याने काटा लवकर वर चढत असे. आता किल्ली फिरवल्यावर पेट्रोलचा काटा आपल्या जागी पोहोचायला जाणवण्याइतका जास्त वेळ लागतो आणि त्याची सवय करावी लागते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जुन्या डबीला बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे याने फरक पडत नसे, परंतु चिपला पडतो. स्पिटफायरच्या मार्क १ आणि मार्क २ मध्ये धन टोक बॉडीला जोडलेले असे, मार्क ३ पासून ऋण टोक जोडले जाऊ लागले, आणि पहिल्या प्रकारच्या गाडीत दुसऱ्या प्रकारचा स्टॅबिलायझर बसवला तर तो चालणार नाही. इतकी निर्णायक सूचना मला मिळालेल्या कागदावर अगदी बारीक अक्षरांत, सर्वात खाली छापलेली होती. ती डबीवरच ठळकपणे असायला हवी. अर्थिंगसाठी डबी ज्या स्क्रूने बसते त्या एका पट्टीवर विसंबणेही मला पटले नाही, म्हणून पट्टीखालून एक वेगळी काळी वायर थेट बॉडीपर्यंत नेली आहे आणि प्रत्येकाने तसे करावे असा माझा आग्रह आहे.

बसवल्यानंतर तापमानाचा काटा पूर्वीपेक्षा थोडा खाली राहू लागला तर घाबरून गेजच्या पाठीमागचे समायोजन फिरवू नये. थर्मोस्टॅटच्या (इंजिनाचे तापमान राखणाऱ्या झडपेच्या) आवरणावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून खरे तापमान पाहावे आणि काट्याची नवी जागा लक्षात ठेवावी. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट असलेल्या माझ्या इंजिनात काटा आता मध्यापासून किंचित अलीकडे उभा राहतो, आणि तेच बरोबर आहे.

स्पिटफायरची चौकट ट्रायम्फच्याच ज्या हेरल्ड मोटारीवरून घेतली, ती हेरल्ड मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने भारतातही बनवली होती आणि आपल्याकडच्या काही घरांत ती अजून जपलेली आहे. अशा गाडीसाठी, किंवा कोणत्याही जुन्या ब्रिटिश गाडीसाठी, हा स्टॅबिलायझर मागवण्यापूर्वी गेजच्या पुरवठ्याच्या वायरीला काट्याचा मल्टिमीटर लावून पाहावा. काटा ठरावीक लयीत उडत असेल, तर त्या गाडीत स्टॅबिलायझर आहे आणि चालूही आहे; सलग बारा व्होल्ट दिसत असतील, तर आधी डॅशबोर्डामागे डबी आहे का ते शोधावे, कारण काही गाड्यांतली गेज थेट बॅटरीच्या दाबावर चालतात आणि त्यांना दहा व्होल्ट दिले तर काटे कमी दाखवू लागण्याची शक्यता आहे.