शुगर नॉर्मल तरी अ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल वाढणं): दोन हुकणारी कारणं

पेशंट धापा टाकतोय, एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) आम्ल शमवणारं बायकार्ब 9 म्हणजे फार कमी, अ‍ॅनायन गॅप (न मोजलेल्या आम्लांचा अंदाज) 26 म्हणजे जास्त, लॅक्टेट (लॅक्टिक आम्ल) ठीक आणि शुगर फक्त 170, अशा वेळी मला आधी युग्लायसेमिक डीकेए (शुगर फार न वाढता झालेला डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात कीटोन नावाची आम्लं साचणं) आठवतो. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी चालू असलेला डायबेटिक, त्यात नवरात्राचे कडक उपास नाहीतर उलट्या किंवा ऑपरेशन झालेलं, गोळी लघवीतून साखर बाहेर काढत राहते म्हणून शुगर फसवते. लघवीच्या पट्टीवर विसंबू नका प्लीज, तिला बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट (यातला मुख्य कीटोन) दिसतच नाही, रक्तातले कीटोन बघा! सापडलं की इन्सुलिन, सलाइन आणि सोबत डेक्स्ट्रोज (शिरेतून साखर) पण.

दुसरं पायरोग्लुटॅमिक अ‍ॅसिडोसिस, हे खूपच दुर्मिळ. खंगलेल्या आजी, किडनी कमजोर, अंगदुखीसाठी कित्येक आठवडे रोज पॅरासिटामॉल, तेही नेहमीच्याच डोसमध्ये. ग्लुटाथिओन (पेशींचं रक्षण करणारं द्रव्य) संपत जातं नि 5-ऑक्सोप्रोलिन, म्हणजेच पायरोग्लुटॅमिक अ‍ॅसिड, साचतं. इथे कीटोन निगेटिव्ह, पॅरासिटामॉलची लेव्हलही बऱ्याचदा नॉर्मल, म्हणून गोळ्यांची पिशवी उघडून बघायलाच हवी. लघवीच्या ऑरगॅनिक अ‍ॅसिडचा रिपोर्ट यायला दिवस लागतात, तोवर थांबू नये, पॅरासिटामॉल बंद करून एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनचा (ग्लुटाथिओन भरून काढणाऱ्या औषधाचा) विचार करावा असं माझं मत.