‘अमरावती रोडवर रूम’ म्हणजे नेमकी कुठे, हे आधी विचारा

डिसेंबरात मुलीच्या पीएचडीच्या मुलाखतीसाठी आम्ही दोघी गोंदियाहून नागपूरला गेलो. सकाळीच नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडवरच्या कॅम्पसवर, विभागात हजर व्हायचं होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी मुक्कामाला. हिवाळी अधिवेशन चालू होतं, सीताबर्डीत फोन केले त्या सगळ्या लॉज भरलेल्या. तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात दिसली: ‘युनिव्हर्सिटीपासून पाच मिनिटं, अमरावती रोड, फक्त लेडीज.’ फोटोत स्वच्छ खोली, पांढऱ्या चादरी. फोनवरचा माणूस म्हणाला, ‘ताई, घरच्यासारखंच समजा.’ दोन रात्रींचे २,४०० रुपये मी लगेच पाठवले.

पत्ता नीट विचारला नाही, इथेच फसले. अमरावती रोड सीताबर्डीकडून लॉ कॉलेज चौक, रविनगर, भरतनगर, कॅम्पस असा जातो आणि तिथे संपत नाही, वाडी ओलांडून थेट अमरावतीकडे निघतो. १९२३ सालचं हे विद्यापीठही एका आवारात नाही. जुनी इमारत महाराजबागेकडे, बरेचसे विभाग कॅम्पसवर. बाहेरगावच्या माणसाला ‘युनिव्हर्सिटीजवळ’ म्हणून काहीही खपवता येतं.

स्टेशनवरून ऑटो केला. वाटेत त्या माणसाने नवीन लोकेशन पाठवलं. कॅम्पसचं गेट मागे पडलं तसं ऑटोवाले दादाच म्हणाले, ‘ताई, हे तर वाडीच्या पुढचं दाखवतंय.’ ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे एक अंधारी गल्ली, वरच्या मजल्यावर खोली, दाराला आतून कडीच नाही. शेजारच्या खोलीत तीन पुरुष. फोन लावला तर म्हणे, ‘ती रूम भरली, ही पण आपलीच आहे.’ मुलीने माझा हात घट्ट धरला होता. दादा खाली थांबले होते. त्यांनीच परत आणून दोन-तीन ठिकाणी विचारून धरमपेठेत खोली मिळवून दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी आत मुलाखतीला, मी बाहेर बाकावर. त्या माणसाचा मेसेज आला: ‘रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करा.’ केला, पिन टाकला, आणि खात्यातून आणखी ४,८०० गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे मला बँकेत गेल्यावर कळलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर तक्रार नोंदवली, पैसे अजून आलेले नाहीत. असं झालं तर बँकेत जाईपर्यंत थांबू नका, त्याच मिनिटाला १९३० लावा.

मुलामुलींना घेऊन कॅम्पसवर येणार असाल तर धरमपेठ, गोकुळपेठ, शंकरनगर बघा. रात्री आठलाही रस्त्यावर माणसं असतात, जेवायला मिळतं, शंकरनगर चौकात मेट्रोचं स्टेशन आहे. गाडी पहाटेची असेल तर सीताबर्डी सोयीची. खोलीवाल्याला रोडचं नाव नका विचारू, चौक विचारा, आणि तिथून कॅम्पसच्या गेटपर्यंत ऑटोवाला किती घेतो तेही. त्या चौकातच खोली असेल तर लगेच सांगेल. आणि खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, समोरचा कितीही घाई करो.

परवा मुलीने मोबाइल दाखवला. तोच फोटो, त्याच पांढऱ्या चादरी. आता खाली लिहिलंय, ‘मेडिकल चौकाजवळ, पेशंटच्या नातेवाइकांसाठी.’